कलम एकोणीसमधलं पाणी

कायदा खात्यात तिला सगळे ‘कानामात्रा’ म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर मॅडम. राज्याच्या विधानसभेत येणारं प्रत्येक विधेयक ज्या लांबट खोलीत लिहिलं जायचं, त्या खोलीत खिडकीजवळचं टेबल तिचं होतं, आणि त्या टेबलावरून एकही कागद दोन-चार स्वल्पविरामांची शिक्षा भोगल्याशिवाय पुढे सरकत नसे. पन्नाशी उलटली होती, लग्न केलं नव्हतं. “नवऱ्याचं पहिलंच प्रेमपत्र हिने लाल शाई लावून परत पाठवलं असतं,” असं तिचा थोरला भाऊ म्हणायचा, आणि ते तिलाही पटायचं.

गेली दोन वर्षं तिच्यासमोर एकच विधेयक होतं, पाण्याच्या बचतीचं. इमारतींनी छपरावरचं पाणी साठवायचं, घराघराला वेगळं मीटर, गळक्या नळवाहिन्या नगरपालिकांनी ठरल्या मुदतीत दुरुस्त करायच्या, कारखान्यांनी वापरलेलं पाणी पुन्हा वापरायचं. सगळी कलमं तिला पोटच्या पोरांसारखी. पण लाडकं एकच, एकोणिसावं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे नको असलेलं पाणी बाहेर पडतं, ते सरळ गटारात सोडणाऱ्यांवर ते कलम होतं. बाटलीबंद पाण्याचे कारखाने जमिनीतून पाणी उपसायचे, त्यातलं निम्मं बाटल्यांत भरायचे आणि उरलेलं गटाराला द्यायचे. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, अशांची नळाची वा बोअरची जोडणी ‘तोडता येईल’. तिने ते खोडून ‘तोडण्यात येईल’ केलं. ‘तोडता येईल’ म्हणजे साहेबाची मर्जी, आणि मर्जी कुठे वळते हे ती नोकरीला लागल्यापासून पाहत आली होती. ‘तोडण्यात येईल’ म्हटलं की प्रश्नच मिटला. मंत्र्याचा मेव्हणा असो नाहीतर सावकार, तोडायचंच.

रुग्णालयांना अर्थात सूट होती. पण इथेही चोरवाट नको म्हणून तिने व्याख्या आवळून बांधली होती. वाफेची स्नानगृहं, वजन घटवणारी दुकानं, सगळे स्वतःला ‘उपचार केंद्र’ म्हणवून घेतात. त्यांना बाहेर ठेवायला तिने लिहिलं, रुग्णालय म्हणजे जिथे रुग्ण दाखल होऊन रात्रीचा मुक्काम करतात अशी जागा. समितीतल्या सदस्यांनीसुद्धा या व्याख्येचं कौतुक केलं होतं.

विधेयक मतदानाला यायच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनी न्हाणीघरात पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण घोटा सुजून टम्म झाला. कानामात्रा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. आवाज ऐकून खाली धावली.

“माझं सोडा हो बेबीताई,” वहिनी बसल्या जागेवरून म्हणाली, “आज यांचं डायलिसिस आहे. यांना कोण नेणार?”

दादाची मूत्रपिंडं गेल्या वर्षी निकामी झाली होती. तेव्हापासून ठरल्या वारी त्याला केंद्रात न्यायचं, तासन्‌तास बसायचं आणि थकलेल्या माणसाला परत आणायचं, हे सगळं वहिनीच करायची. कानामात्रा रोज रात्री जेवायला खाली उतरली की विचारायची, “कसं झालं?” वहिनी म्हणायची, “झालं.” तेवढ्यावर बोलणं संपायचं, कारण विधेयकाचे कागद वर वाट बघत असायचे.

“मी नेते,” ती म्हणाली आणि अर्ध्या दिवसाची रजा कळवली. खात्यात म्हणे लोक एकमेकांकडे बघत राहिले.

दादाने उभं आयुष्य पाण्याचा टँकर चालवला होता. शहराच्या कडेच्या वस्त्यांत उन्हाळ्यात टँकर शिरला की बादल्या, डबे, पिंपं घेऊन माणसं कशी तुटून पडायची, ते त्याच्या तोंडून ऐकतच ती मोठी झाली होती. दोन सख्ख्या जावांना नळीच्या तोंडाशी एकमेकींचे केस धरताना त्याने पाहिलं होतं. आता त्याला स्वतःला दिवसाकाठी मोजून काही घोट पाणी. “दुसऱ्यांना पाजण्यातच माझा वाटा संपला,” असं म्हणून तो स्वतःच हसायचा.

केंद्र एका अरुंद रस्त्यावर होतं, चष्म्याचं दुकान आणि लॉन्ड्री यांच्या मधे. आत शिरल्यावर आधी वजनकाटा, मग एक लांब हॉल, दोन्ही भिंतींना टेकून मागे रेलणाऱ्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपाशी कपाटाएवढं यंत्र. दादा सरावाने आपल्या खुर्चीत बसला, बाही वर केली आणि हात पुढे केला. जाड सुया टोचताना तिने मान वळवली. पुन्हा पाहिलं तेव्हा नळ्या लाल झाल्या होत्या आणि यंत्राचं चाक संथपणे फिरत होतं.

“भिऊ नकोस,” दादा म्हणाला. “माझंच रक्त आहे. जरा फिरायला गेलंय, येईल परत.”

त्याच्या अंगावर चादर घालून ती आपला चहाचा कप विसळायला मागच्या बाजूला गेली. प्लायवूडच्या आडोशामागे निळ्या टाक्या होत्या, उभे फिल्टर होते, आणि एका पांढऱ्या पाईपमधून जमिनीतल्या जाळीवर पाणी पडत होतं. धो धो. काचेसारखं स्वच्छ. तिचा हात आपोआप नळ शोधू लागला, बंद करायला. नळ नव्हताच.

टेक्निशियन तिथेच वाकून कसलातरी दाब तपासत होता. उंच, किडकिडीत माणूस, कानावर पेन्सिल.

“हे पाणी कुठे चाललंय?” तिने विचारलं. आवाजात खात्यातली धार आलीच.

“गटारात.”

“म्हणजे वाया?”

“वायाच म्हणायचं, ताई.” तो सरळ उभा राहिला. “रक्त धुवायचं पाणी अगदी निवळ लागतं. नळाचं पाणी जसंच्या तसं वापरलं तर माणूस हाती लागायचा नाही. फिल्टर चांगलं पाणी काकांच्या मशीनला देतो, क्षाराचं पाणी इकडे टाकतो. जेवढं घेतो जवळपास तेवढंच टाकतो. मलाही बघवत नाही. मी दोन बादल्या घरी नेतो, बायको फरशी पुसते. पण दोन बादल्यांनी काय होणार?”

“आणि हा पाईप बंद केला तर?”

“तर फिल्टर बंद, फिल्टर बंद तर मशीन बंद.” त्याने हॉलकडे नुसतं पाहिलं. मग तिला धीर द्यावा तसा म्हणाला, “नवा कायदा येतोय म्हणे, तो अशा पाण्यावरच आहे. पण रुग्णालयांना त्यात सूट आहे, आमच्या डॉक्टरांनी पेपरात वाचलंय. तेव्हा आपण सुटलो.”

तिने कप हळूच खाली ठेवला.

“इथे रात्री कोणी राहतं का हो?”

“रात्री? छे. संध्याकाळची पाळी संपली की कुलूप.”

कानामात्राच्या तोंडचं पाणी पळालं. ती तशीच आडोशाला हात टेकून उभी राहिली. रात्रीचा मुक्काम नाही, म्हणजे रुग्णालय नाही. रुग्णालय नाही, म्हणजे सूट नाही. सूट नाही आणि पाईप गटारात, म्हणजे कलम एकोणीस. आणि कलम एकोणीस म्हणजे ‘तोडण्यात येईल’. ना नोटीस, ना मुदत, ना कोणाची मर्जी. एकही भोक न ठेवता विणलेलं जाळं होतं ते, आणि त्यात पहिल्यांदा कोण सापडणार होतं, तर खुर्चीला खिळलेली, हाताला नळ्या लावलेली माणसं.

ती दादापाशी येऊन बसली. त्याने एक डोळा उघडला.

“काय गं बेबी, कोणाचं शुद्धलेखन चुकलं?”

“माझं.”

मग तिने सगळं सांगितलं. वकिली भाषा न वापरता कसं सांगायचं याची सवय नव्हती, तरी सांगितलं. दादा छताकडे बघत ऐकत राहिला.

“म्हणजे तुझा कायदा लागू झाला की इथलं पाणी तुटणार.”

“तुटणार. एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात नसलं तरी त्याला तोडावंच लागेल. मीच तसं लिहिलंय.”

“मग खोड की. खोडण्यात तुझा हात कोण धरणार?”

“आता ते माझं नाही राहिलं, दादा. सभागृहात मांडलं की सभागृहाचं. मला त्यातली वेलांटीसुद्धा हलवता येत नाही.”

“मग थांबव म्हणावं त्यांना.”

“उद्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस. थांबलं तर पुढे निवडणूक, मग नवं सरकार, मग नवी समिती. विधेयक गेलं रद्दीत.”

दादाने समोर पाहिलं. समोरच्या खुर्चीत कॉलेजातली एक मुलगी बसली होती. एका हाताला नळ्या, दुसऱ्या हाताने मांडीवरच्या पुस्तकात रेघा ओढत होती. मधूनच रेघ वाकडी गेली की तोंड वाकडं करत होती.

“हे बघ,” दादा म्हणाला, “माझ्यासाठी कायदा बुडवू नकोस. त्या रांगा तू नाही बघितल्यास, मी बघितल्यात. कायदा व्हायलाच पाहिजे. पण त्या पोरीचं मशीनही चालू राहिलं पाहिजे. आता दोन्ही कसं जमवायचं ते तू बघ. एवढी शिकलीस ती काय आमच्या लग्नपत्रिका तपासायला?”

“लग्नपत्रिका मी कधी तपासल्या?”

“तेवढ्याच राहिल्या. बाकी सगळं तपासलंस.”

त्याला घरी सोडून ती तडक खात्यात गेली. तिचे वरिष्ठ, म्हणजे विधी सचिव, सर्दीने बेजार होऊन बसले होते. टेबलावर मलमाची डबी आणि रुमालांचा ढीग.

“सर, कलम एकोणीसमध्ये माझी चूक झालीये.”

सचिवांनी रुमाल खाली ठेवला. ‘चूक’ हा शब्द तिच्या तोंडून त्यांनी नेहमी दुसऱ्याच्या नावापुढेच ऐकला होता. तिने सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

“नियम करताना सांभाळून घेऊ,” ते म्हणाले.

“नियम कायद्याच्या डोक्यावर बसू शकत नाहीत, सर. हे तुम्हीच मला शिकवलंत.”

“तेव्हा मला सर्दी नव्हती.” त्यांनी नाक पुसलं. “कधी लक्षात आलं हे?”

“आज. भावाला घेऊन गेले होते तिथे.”

“तुमचा भाऊ वर्षभर जातोय ना? मग आजपर्यंत?”

“आजपर्यंत वहिनी न्यायची.”

सचिवांनी मलमाच्या डबीचं झाकण लावलं.

“उद्या सकाळी मंत्र्यांना भेटू,” ते शेवटी म्हणाले. “सरकारी दुरुस्ती तेच मांडू शकतात. पण नुसती चूक घेऊन जायचं नाही. दुरुस्ती लिहून आणा, आणि अशी लिहा की तिच्यातून उंदीरसुद्धा आत शिरता कामा नये. बाटलीवाले टपून बसलेत.”

ती घरी आली आणि वर न जाता खालीच वहिनीच्या टेबलाशी कागद मांडून बसली. वहिनी पाय उशीवर ठेवून शेजारी. दादा आत झोपला होता. डायलिसिसनंतर तो असाच झोपायचा, हेही तिला आजच कळलं.

“वहिनी, तिथे काय काय होतं ते सांग ना. सगळं.”

वहिनी आधी चपापली. मग बोलायला लागली ती थांबेचना. कोणाला थंडी वाजते, कोणाचा रक्तदाब उतरतो, कोण सुया टोचताना गाणं म्हणतं. समोरच्या मुलीची परीक्षा कधी आहे. मशीनचा भोंगा वाजला की काळजात कसं धस्स होतं, आणि नुसती नळी वाकडी झालीय असं कळल्यावर कसं हायसं वाटतं. वर्षभराचं साठलेलं सगळं एका बैठकीत बाहेर आलं. कानामात्रा ऐकत होती, लिहीत होती, खोडत होती.

‘रात्रीचा मुक्काम’ काढून टाकला तर वजन घटवणारे सगळे आत शिरत होते. नुसतं ‘डायलिसिस’ लिहिलं तर उद्या दुसरा एखादा उपचार उघड्यावर पडत होता. तिसऱ्या मसुद्यात, ‘डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्णाच्या शरीरासाठी शुद्ध पाणी वापरणारी केंद्रं’ या शब्दांवर तिचा हात स्थिरावला, पण मन नाही. सरसकट सूट द्यायची म्हणजे ते काचेसारखं पाणी आणखी कित्येक वर्षं जाळीतून जाणार, आणि तिला ते दिसत राहणार. तिने वहिनीकडून नंबर घेऊन टेक्निशियनला फोन लावला.

“तुमच्या शेजारची ती लॉन्ड्री. तुमचं टाकलेलं पाणी त्यांना कपड्यांना चालेल का?”

“न चालायला काय झालं?” तो म्हणाला. “आपल्याकडे फिल्टरच्या आधीच पाण्याचा जडपणा काढून ते मऊ करून घेतात, फेसही चांगला येईल. फक्त मधे एक टाकी पाहिजे. पण ताई, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेताय? काका बरे आहेत ना?”

“बरे आहेत. झोपलेत.”

तिने शेवटची ओळ लिहिली: अशा केंद्रांनी हे पाणी एका वर्षाच्या आत पुन्हा वापरात आणावं. मग सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. वहिनीला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण ती म्हणाली, “वाचताना तुमचा आवाज बरा वाटला, म्हणजे जमलं असेल.”

सकाळी पाणीमंत्री आपल्या दालनात टोस्ट चहात बुडवून खात होते. धिप्पाड माणूस, खर्जातला आवाज. दुरुस्ती पाहताच त्यांनी कपाळाला हात लावला.

“आज? हत्ती गेला नि शेपटाशी अडायचं? एक कलम उघडलं की बाटलीवाले घुसतील. म्हणतील, त्यांना मुदत देता तर आम्हाला का नाही.” त्यांनी कागद दूर धरून पुन्हा वाचला. “किती लोक जातात हो अशा केंद्रांत?”

“आकडा मला सांगता येणार नाही, साहेब. माझा भाऊ जातो. त्याच्या समोर एक कॉलेजची मुलगी असते.”

टोस्टचा तुकडा चहात पडून विरघळला. मंत्र्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

“समजा बाटलीवाले म्हणाले, आमचंही पाणी माणसाच्या शरीरातच जातं?”

“म्हणून ‘पिण्याव्यतिरिक्त’ हा शब्द घातलाय, दुसऱ्या ओळीत.”

मंत्र्यांनी दुसरी ओळ शोधली आणि ते खदखदून हसले. मग हसू आवरून म्हणाले, “मांडतो. पण एक आत्ताच सांगून ठेवतो. सभागृहात ताणलं गेलं, वेळ निघून जायला लागली, तर मी ही दुरुस्ती मागे घेईन आणि कायदा वाचवेन. तो मी बुडू देणार नाही.”

“बरोबर आहे, साहेब,” ती म्हणाली. बरोबर होतंच.

सभागृहात अधिकाऱ्यांसाठी मंत्र्यांच्या मागे कठड्याआड बाकं असतात. तिथून बघायचं, बोलायचं नाही. फार तर चिठ्ठी द्यायची. सचिव तिच्या शेजारी बसून शिंका दाबत होते. मंत्र्यांनी दुरुस्ती वाचली आणि साध्या शब्दांत कारण सांगितलं. ते बसतात न बसतात तोच समोरच्या बाकांवरून विरोधी पक्षाच्या नेत्या उठल्या. पांढरे केस, मूळच्या वकील, सभागृहात त्यांना ‘कात्री’ म्हणत, कारण त्यांच्या हातात आलेलं विधेयक क्वचितच एका तुकड्यात परत जायचं.

“अध्यक्ष महाराज,” त्या म्हणाल्या, “हे विधेयक दोन वर्षं समितीत होतं. ही गोष्ट आज आठवली?”

“आज कळली,” मंत्री म्हणाले. “कळल्यावर लपवली नाही, एवढंच.”

“ठीक. मग मला सांगा, हे पाणी पुन्हा वापरायचं कुठे? अशी केंद्रं म्हणजे भाड्याचे गाळे असतात. त्यांना ना अंगण, ना बाग. मी पाहिलेत. तुम्ही पाहिलेत का?”

मंत्री मागे वळले. कानामात्राने चिठ्ठी आधीच लिहिली होती. ती कठड्यावरून पुढे गेली. मंत्र्यांनी वाचली.

“शेजारच्या लॉन्ड्रीत, अध्यक्ष महाराज.”

सभागृहात हशा पिकला. मंत्री शांतपणे म्हणाले, “विनोद नाही. पाणी मऊ असतं. कपडे उत्तम निघतात.”

“आणि शेजारी लॉन्ड्री नसेल तर?”

या प्रश्नाची चिठ्ठी नव्हती. मंत्र्यांनी हातातली पुन्हा उलटसुलट करून पाहिली. तेवढ्यात मागच्या बाकांवरून बाटलीवाल्यांच्या बाजूचे दोन सदस्य उठले. त्यांना मुदत, तर आमच्या उद्योगाला का नको? आम्ही काय पाप केलंय? तिसरा उठला. अध्यक्ष घंटा वाजवू लागले. कानामात्राने पाहिलं, मंत्र्यांचा हात दुरुस्तीच्या कागदाकडे सरकला आणि त्यांनी तो घडी करायला घेतला. तिने डोळे मिटून घेतले. यंत्राचं ते संथ फिरणारं चाक तिला दिसत होतं.

“मी उभी आहे,” कात्रीबाईंचा आवाज आला. मोठा नव्हता, पण धार अशी की मागचा गोंधळ जागच्या जागी चिरला. “मी उभी असताना बाकीच्यांनी बसायचं असतं. आणि बाटली विकणं हा उपचार नाही, हे दुसऱ्या ओळीत स्पष्ट लिहिलंय. ज्याने लिहिलंय त्याने नीट लिहिलंय. बसा.”

तिघेही बसले. कानामात्राने डोळे उघडले.

“लॉन्ड्री सगळीकडे नसते, मंत्रीमहोदय,” बाई पुढे म्हणाल्या. “एक वर्ष कमी पडेल. दोन करा. आणि पाणी कुठे न्यायचं हे शोधून देण्याची जबाबदारी त्या त्या नगरपालिकेवर टाका. आजारी माणसांनी टाक्या शोधत फिरायचं का? एवढं मान्य करा, आमचा पाठिंबा आहे.”

मंत्र्यांनी अर्धी घडी घातलेला कागद तळहाताने सपाट केला. “मान्य.”

अध्यक्षांनी विचारलं, होकाराचा आवाज आला, नकाराचा आलाच नाही. विरोध करतील असे बरेचसे सदस्य तेव्हा उपाहारगृहात होते असं मागाहून कळलं. दुरुस्ती मंजूर झाली. मग एकेक कलम, आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी सगळं विधेयक. बाकं वाजली. सदस्य उठले, कोणी कोणाशी हात मिळवले, कात्रीबाई चष्मा पुसत बाहेर पडल्या.

कानामात्रा बसूनच राहिली. जीव भांड्यात पडतो म्हणजे काय होतं ते तिला त्या बाकावर समजलं. पडल्याचा आवाजसुद्धा आल्यासारखं वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते थांबवायचं कसं हे तिला माहीत नव्हतं, कारण तशी वेळ सहसा यायची नाही. सचिवांनी खिशातून रुमाल काढला.

“घ्या. हा धुतलेला आहे,” ते म्हणाले आणि इतका वेळ दाबून ठेवलेली शिंक मोकळेपणाने शिंकले.

बाहेरच्या व्हरांड्यात येऊन तिने घरी फोन केला. पहिल्याच घंटेला दादाने उचलला.

“झालं?”

“झालं. दोन्ही.”

मग फोन हातात धरूनच तो ओरडला, “अगं ए, ऐकलंस का, दोन्ही झालं!” आणि वहिनीचा एक पाय ओढत येण्याचा आवाज, “कुठे चाललीस उठून, बस तिथेच,” असं दादाचं रागावणं, आणि मग दोघांचं एकदमच बोलणं. कानामात्रा फोन कानाला लावून उभी राहिली. ते दोघं काय बोलताहेत ते कळत नव्हतं. तिला फोन ठेवायचाही नव्हता.

वहिनीचा घोटा बरा झाला तरी डायलिसिसच्या वारांपैकी मंगळवार कानामात्राने स्वतःकडेच ठेवला. खात्यात आता कोणी एकमेकांकडे बघत नाही. मंगळवारी मॅडम दुपारी नसतात, एवढंच. सुया टोचताना ती मान वळवत नाही. समोरच्या मुलीला तिने एकदा निबंध तपासून दिला. मुलीने पुन्हा काही तपासायला दिलेलं नाही.

केंद्रात कोणालाच काही ठाऊक नव्हतं. आपल्या डोक्यावर काय येऊन गेलं, कोणाच्या गावीही नव्हतं. टेक्निशियनला मात्र कायद्याचा भयंकर राग आला होता.

“दोन वर्षांत टाकी बसवा म्हणे,” तो एका मंगळवारी मागच्या आडोशात तिला ऐकवत होता. “नगरपालिकेचा माणूस येऊन जागा बघून गेला. टाकी ते देणार, पण ठेवायची कुठे? इकडे फिल्टर, तिकडे खोकी. लॉन्ड्रीवाला म्हणतो, भिंतीला भोक पाडा. भिंत काय त्याच्या सासऱ्याची आहे? हे कायदे लिहिणारे लोक कधी अशा खोलीत उभे तरी राहिलेत का, ताई?”

“नसतील राहिले,” ती म्हणाली.

त्याची कुरकुर तिला इतकी गोड लागत होती की त्याने थांबू नये असं वाटत होतं. हॉलमध्ये यंत्रं एका सुरात चालू होती. कोणाचातरी भोंगा वाजला, सिस्टरने नळी सरळ केली, भोंगा थांबला.

टेक्निशियनने खिशातून मोजमापाचा टेप काढला आणि त्याचं टोक तिच्या हातात दिलं.

“जरा धरा हे, त्या कोपऱ्यात. अगदी भिंतीला टेकवून.”

तिने पदर खोचला, खोकी पायाने बाजूला सारली आणि कोपऱ्यात वाकून टोक भिंतीला घट्ट दाबून धरलं.